एका दिवसाचा लक्ष्मी रस्ता

११ डिसेंबर हा दिवस पंचांगात कोणत्याही सणाचा म्हणून नोंदलेला नाही. तरीही २०२१ सालापासून पुणेकरांच्या वार्षिक दिनक्रमात त्याने एक छोटेसे स्थान मिळविले आहे. त्या दिवशी 'पादचारी दिन' पाळण्याचा प्रघात पुणे महानगरपालिकेने पाडला असून त्यासाठी नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंतचा लक्ष्मी रस्ता काही तास वाहनांना बंद ठेवण्यात येतो. एरवी ज्या रस्त्यावर साडीच्या दुकानातून बाहेर पडलेली गृहिणी एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मुलाचे मनगट घट्ट धरून, पाऊल टाकावे की न टाकावे या विवंचनेत उभी असते, त्याच रस्त्याच्या मधोमध त्या दिवशी मुले बागडतात, म्हाताऱ्या माणसांना बसावयास जागा मिळते, आणि दोन ओळखीचे गृहस्थ समोरासमोर आले तर कडेला न सरकता चार शब्द बोलू शकतात. संध्याकाळ झाली की अडथळे हलविले जातात, आणि कर्णे वाजू लागतात. पुढचा पादचारी दिन तीनशे चौसष्ट दिवसांनी!

हा दिवस पाळल्याबद्दल महापालिकेचे अभिनंदन करणे आम्ही कर्तव्य समजतो. परंतु जी गोष्ट एक दिवस चांगली, ती उरलेल्या दिवसांत वाईट का ठरावी, या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. लक्ष्मी रस्त्याला माणसांची सवय नाही, असे तर म्हणता येणार नाही. अनंत चतुर्दशीस हाच रस्ता एक अहोरात्र, किंबहुना त्याहूनही अधिक काळ, लाखो माणसांना अंगावर घेतो. त्या वेळी एकही मोटार तेथून जात नाही आणि तरीही शहर बुडत नाही. म्हणजे अडचण रस्त्याच्या रुंदीची नसून आपल्या मनात त्या रुंदीची जी वाटणी झालेली आहे तिची आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. रस्ता सर्वांसाठी नव्याने आखणे म्हणजे मोटारींविरुद्ध युद्ध पुकारणे नव्हे. मोटारवाल्याचाही रस्त्यावर हक्क आहेच. पण तो अनेकांपैकी एकाचा हक्क आहे. पायी चालणारा, बसची वाट पाहणारा, सायकलवरून शाळेला जाणारा, चाकांच्या खुर्चीवर बसलेला, हातगाडी ओढणारा आणि पदपथाच्या कडेला पथारी टाकून चार पैसे मिळविणारा, हे सर्वच त्या जमिनीचे वाटेकरी आहेत. रस्ता ही कोणत्याही शहराची सर्वांत मोठी सार्वजनिक मिळकत होय. खासगी जमिनीच्या इंचाइंचासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकज्जे करणारे आम्ही, या सामायिक मिळकतीची वाटणी मात्र, ज्याचे वाहन मोठे त्याचा वाटा मोठा, या न्यायाने बिनतक्रार होऊ देतो. वाहने नव्हे, तर माणसे इच्छित स्थळी पोचविणे हे रहदारीच्या नियोजनाचे उद्दिष्ट आहे, असे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात २००६ सालीच लिहिले गेले. ते कागदावर शोभून दिसते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पुण्यात सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द आहे, आणि तो म्हणजे पुनर्विकास. सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांत, लग्नाच्या पंगतीत, सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर चर्चा चालते ती चटईक्षेत्राची, टीडीआरची आणि बिल्डर किती जादा देणार याची. पेठांतील वाडे मोडकळीस आले आहेत, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या इमारती जीर्ण झाल्या आहेत आणि त्यांच्या जागी नवे काही उभे राहिले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. मतभेद आहे तो या नवनिर्मितीचा आरंभ कोठून करावयाचा याविषयी. आमच्या शहराने आजवर धरलेली वाट अशी: इमारतीला जादा मजले द्यावयाचे असतील तर समोरचा रस्ता रुंद हवा, आणि रस्ता रुंद करावयाचा तर कडेच्या मालकांनी जागा सोडावयाची व त्या बदल्यात आणखी मजले मिळवावयाचे. महापालिकेच्या स्थायी समितीने २०२० साली तीनशेहून अधिक रस्ते सहा मीटरांचे नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव मान्य केला, त्याचे इंगित हेच होते. कारण नऊ मीटरांहून अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नव्हता.

या विचारसरणीतील मौज पाहण्यासारखी आहे. रस्ता रुंद कशासाठी? तर मजले वाढावेत म्हणून. मजले वाढले की माणसे वाढणार, माणसांबरोबर मोटारी वाढणार, आणि वाढलेल्या मोटारी उभ्या राहणार त्या नव्याने मिळालेल्या तीन मीटरांत! म्हणजे जे दिले ते त्याच हाताने परत घेतले. पेठांतून हिंडताना याचा नमुना पदोपदी दिसतो. एक नवी इमारत मागे सरकलेली, शेजारचा जुना वाडा पुढे आलेला, त्यापुढची इमारत पुन्हा मागे. अशी रस्त्याची कड दात पडलेल्या बोळक्यासारखी झाली आहे. प्रत्येक खाचेत चार स्कूटरी उभ्या असतात. रस्ता काही रुंद झाला नाही. रस्त्यावरचे वाहनतळ तेवढे वाढले. अग्निशामक बंबाला वाट हवी, हा रुंदीकरणाच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद खोटा नाही, आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु पेठेतल्या बोळात बंब अडतो तो भिंतीमुळे थोडा आणि दुतर्फा उभ्या असलेल्या गाड्यांमुळे फार.

याच्या उलट दिशेने जाऊन पाहिलेल्या एका गावाची हकीकत आमच्या वाचकांनी लक्षपूर्वक वाचावी, अशी विनंती आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिसच्या उत्तरेस मोहावी वाळवंटाच्या कडेला लँकेस्टर नावाचे दीड लाखांच्या आसपास वस्तीचे शहर आहे. मोटार हेच जेथे जीवन, असा तो प्रदेश. तेथील जुनी बाजारपेठ लँकेस्टर बुलेव्हार नावाच्या रस्त्यावर होती. शहर बाहेर पसरत गेले तसतशी ही पेठ ओस पडू लागली; गाळे रिकामे राहू लागले आणि चार मार्गिकांच्या त्या रुंद रस्त्यावरून मोटारी न थांबता भरधाव निघून जाऊ लागल्या. रुंदी होती, वेग होता. गिऱ्हाईक मात्र नव्हते! नगरपालिकेने मूल आणि पॉलिझॉइड्स या वास्तुरचनाकारांकडून त्या रस्त्याची फेरआखणी करून घेतली आणि २०१० साली काम पुरे केले. मोटारींच्या मार्गिका चारांच्या दोन केल्या. मधोमध झाडे लावून एक लांबलचक चौथरा केला. त्या चौथऱ्यावर एरवी गाड्या उभ्या राहतात आणि बाजाराच्या वा उत्सवाच्या दिवशी तोच चौथरा पायी फिरणाऱ्यांना मोकळा होतो. पदपथ वाढविले, दिवे आणि बाके बसविली. हे सर्व जेमतेम नऊ गल्ल्यांच्या लांबीत. खर्च आला सुमारे १ कोटी १५ लाख डॉलर.

पुढे जे घडले त्याने अर्थशास्त्र्यांचेही लक्ष वेधून घेतले. दोनएक वर्षांत त्या पट्ट्यात सुमारे पन्नास नवे व्यवसाय सुरू झाले, सुमारे १३ कोटी डॉलरांचे खासगी भांडवल तेथे आले, आणि अपघात निम्म्याने घटले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ साली या कामाला आपला सर्वोच्च नगरविकास पुरस्कार दिला. आम्ही हे आकडे जसेच्या तसे वेदवाक्य म्हणून स्वीकारण्यास सांगत नाही. पालिकेने त्याच सुमारास घरबांधणीलाही हातभार लावला होता, तेव्हा सारे श्रेय झाडांना आणि बाकांना देणे अतिशयोक्तीचे होईल. शिवाय २०१० हे साल मंदीच्या तळाचे. तेथून वर येणे ओघानेच होते. पण मंदीतून वर येताना भांडवलाने शेकडो रस्त्यांमधून हाच रस्ता का निवडला, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर गूढ नाही. पैसा गुंतविणारा मनुष्य स्वभावतः भित्रा असतो. शेजारचा गाळा रिकामा, समोर धूळ आणि भोंगे, अशा ठिकाणी तो एकट्याने पाऊल टाकीत नाही. कारण त्याने आपले दुकान कितीही सजविले तरी दाराबाहेरचे जग त्याच्या हातात नसते. ते जग ज्या एकाच मालकाच्या हातात आहे तो म्हणजे नगरपालिका. तिने दगडी पदपथ घातला, झाड लावले, दिवा बसविला म्हणजे कडेच्या शंभर मालकांना एकाच वेळी कळते की या जागेला कोणी वाली आहे आणि तो दहा-वीस वर्षे येथून हलणार नाही. गाड्यांचा वेग उतरला की आवाज उतरतो. आवाज उतरला की दुकानाच्या वरचा मजला, जो आज गोदाम म्हणून पडून आहे, तो पुन्हा राहण्याजोगा होतो. तेथे राहणारा आला की मालकाला डागडुजीचा खर्च परवडू लागतो. चालणारा मनुष्य दुकानाच्या काचेपुढे थांबतो. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारा थांबत नाही, त्याला ती काच दिसतच नाही. पुनर्विकास हा या साखळीचा शेवटचा दुवा आहे, पहिला नव्हे. आम्ही मात्र शेवटच्या दुव्याला हात घालून साखळी ओढीत बसलो आहोत.

व्यापाऱ्यांचा विरोध हा या बाबतीतला सर्वत्र आढळणारा अनुभव आहे, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. कोपनहेगनमधील स्ट्रोएट हा सुमारे एक किलोमीटर लांबीचा बाजाररस्ता नोव्हेंबर १९६२ मध्ये मोटारींना बंद झाला, तेव्हा तेथील दुकानदारांना धंदा बुडणार असेच वाटले होते. थंड हवेच्या देशात रस्त्यावर रेंगाळणार कोण, अशी टीकाही झाली. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. तो रस्ता आजही पायी चालणाऱ्यांचाच आहे आणि दुकानांना तोटा नाही. न्यूयॉर्कच्या नवव्या ॲव्हेन्यूवर २००७ साली सायकलींसाठी सुरक्षित मार्गिका काढली गेली. त्या पट्ट्यातील किरकोळ विक्री पुढील काळात ४९ टक्क्यांपर्यंत वाढली, तर साऱ्या मॅनहॅटनमधील वाढ ३ टक्के होती, असे त्या शहराच्या वाहतूक खात्याने २०१२ साली प्रसिद्ध केले. सर्वांत बोलका दाखला ब्रिस्टलचा आहे. तेथील दुकानदारांना २००६ साली विचारले गेले की, तुमच्या गिऱ्हाइकांपैकी मोटारीने येणारी किती? त्यांचा अंदाज ४१ टक्के होता. गिऱ्हाइकांनाच विचारले तेव्हा प्रत्यक्षातला आकडा निघाला २२! दुकानदार खोटे बोलत नव्हते. मोटारीतून उतरणारे गिऱ्हाईक डोळ्यांत भरते, पायी येणारे भरत नाही, एवढेच.

लक्ष्मी रस्त्यावरील दुकानदारांना असा प्रश्न आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना तोच प्रश्न कोणी विचारून पाहील तर काय उत्तर येईल, याचे आम्हांस कुतूहल आहे. विशेषतः २९ सप्टेंबर २०२४ नंतर. त्या दिवशी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही दोन स्थानके शहराच्या अगदी गाभ्यात उघडली. मंडईच्या स्थानकातून वर येणारा माणूस लक्ष्मी रस्त्यापासून काही मिनिटांच्या चालीवर असतो. वाहन बरोबर नाही, ते लावण्याची चिंता नाही, खिशात पैसे आहेत. दुकानदाराने देवाजवळ मागावे असे हे गिऱ्हाईक! पण ती काही मिनिटे त्याने कशी काढावयाची? जमिनीखाली कोट्यवधी रुपये खर्चून त्याला वातानुकूलित डब्यातून आणले, सरकत्या जिन्याने वर पाठविले, आणि वर येताच उभ्या स्कूटरींच्या रांगेतून अंग चोरीत, गटाराच्या झाकणावरून उडी मारीत पुढे जाण्यास सोडून दिले. पाहुण्याला विमानाचे तिकीट पाठवावे आणि घराचा उंबरठा उखडून ठेवावा, तशातली ही गत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ सालच्या निर्देशांप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर हवी आणि बाजारपेठेत याहूनही अधिक. पेठांतला कोणताही पदपथ फुटपट्टी घेऊन मोजावा.

आपल्याकडे हे जमत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले, रस्त्यांच्या आखणीची नियमावली तयार केली, आणि त्या पाठोपाठ जंगली महाराज रस्त्यावर ती अंमलात आणून दाखविली. या रस्त्याविषयी पुणेकरांना पूर्वीपासून अभिमान आहे. पण तो डांबराचा. गेल्या शतकातील सत्तरीच्या दशकात एका कंपनीने तो असा बांधून दिला की वर्षानुवर्षे त्याला खड्डा पडला नाही, ही कथा बाहेरगावच्या पाहुण्यास ऐकविल्याशिवाय पुणेकराचा चहा संपत नाही. पाताळेश्वराची लेणी, बालगंधर्व रंगमंदिर, झाशीच्या राणीचा पुतळा हे सारे याच रस्त्यावर किंवा त्याला लागून. ज्यांनी या शहराच्या रचनेला वळण लावले त्या स. गो. बर्वे यांच्या नावाचा चौकही येथेच. परंतु या रस्त्याने संथपणे चालावे, मध्येच बाकावर टेकावे, नातवाला खेळू द्यावे, ही सोय फेरआखणीनंतर प्रथम झाली. रंगमंदिरातून नाटक पाहून निघालेले वृद्ध जोडपे त्या पदपथावर निर्धास्त चर्चा करीत चाललेले आम्ही पाहिले आहे. नाटक कसे होते हे ऐकू आले नाही. पण ती चर्चा निर्धास्त होती हे महत्त्वाचे. औंधच्या डी. पी. रस्त्यावरही स्मार्ट सिटी योजनेखाली असाच प्रयोग झाला.

जंगली महाराज रस्त्याची बाजू मांडताना त्याचे दोषही झाकून ठेवता येणार नाहीत. पदपथ रुंद झाला म्हणजे तो आपल्यासाठीच, अशी दुचाकीस्वारांची समजूत होते आणि सायंकाळच्या गर्दीत ते वर चढतात. फरशी एकदा निघाली की ती बसविणारा हात येण्यास महिने लागतात. केबल टाकणारे, नळ जोडणारे आपापल्या मुहूर्तावर येऊन नवा पदपथ खणतात आणि वर ढेकळे टाकून जातात. बांधण्याचा समारंभ असतो, राखण्याचा नसतो. हे आपल्या सार्वजनिक जीवनाचेच व्यंग आहे. याहून मोठा दोष असा की, एक रस्ता चांगला झाला आणि त्याला फुटणाऱ्या गल्ल्या होत्या तशाच राहिल्या. पदपथ मध्येच संपतो, तेव्हा तो कोठेच नेत नाही.

पैसा नाही, ही सबबही तपासून पाहावी लागेल. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल याच शतकाच्या पहिल्या दशकात बांधले गेले आणि मेट्रोच्या आड येतात म्हणून जुलै २०२० मध्ये पाडले गेले. पंधरा वर्षेही न टिकलेल्या त्या पुलांवर जो पैसा खर्च झाला त्यात पदपथ किती झाले असते, हा हिशेब कोणी मांडलेला नाही. दुसरी बाजू उत्पन्नाची. एक मोटार उभी करण्यास साधारण १२ चौरस मीटर, म्हणजे १३० चौरस फूट जागा लागते. दहा बाय तेरा फुटांची एक खोली! सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा खेड्यातला विद्यार्थी एवढ्या खोलीत आणखी दोघांच्या सोबतीने राहतो आणि तिचे भाडे भरताना त्याच्या बापाच्या नाकी नऊ येतात. खिडकीखाली तेवढ्याच जागेत उभी असलेली मोटार दमडी देत नाही. महापालिकेच्या मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये वाहनतळ धोरण मान्य केले. विरोध होताच ते प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांपुरते उरले, आणि तेथेही वर्षानुवर्षे लटकले. त्याच वर्षी शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची वार्ता आली. फुकट मिळणाऱ्या वस्तूचा तुटवडा पडतो, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

येथवर आम्ही जे लिहिले त्यावर व्यापारी, जागामालक आणि कदाचित बिल्डरही माना डोलावतील. परंतु ज्या प्रश्नावर या सर्व योजनेची खरी कसोटी आहे तो अजून बाकी आहे. रस्ता सुंदर झाला की जागेचे मोल वाढते. मोल वाढले की ज्याच्याजवळ कागद नाही तो प्रथम उठविला जातो. दिल्लीतील चांदणी चौकाचे नूतनीकरण होऊन सप्टेंबर २०२१ मध्ये तो रस्ता दिवसा मोटारींना बंद झाला. लाल दगडाची फरसबंदी झाली, चालणाऱ्यांची सोय झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे बसणाऱ्या फेरीवाल्यांना त्या सुशोभित रस्त्यावर जागा राहिली नाही. पुण्यातही पथारीवाल्यांकडे अतिक्रमण म्हणून पाहण्याची सवय आहे. वास्तविक २०१४ सालच्या कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे. शहर फेरीवाला समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी त्यांचे असावेत असे म्हटले आहे. मध्यमवर्गीय गृहिणी ज्याच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करते, आणि ज्याच्यावाचून तिचा लक्ष्मी रस्ता पुरा होत नाही, तो पथारीवाला हाही त्या रस्त्याचा एक 'सर्व'च आहे. त्याची जागा आराखड्यात आधी रंगवावी, मग बाकांची व कुंड्यांची.

भाडेकरूंचे तसेच. वाड्यातल्या दोन खोल्यांत चार दशके काढलेली विधवा भाडे नियंत्रण कायद्याच्या आधाराने टिकून असते. दारापुढचा रस्ता चांगला झाला म्हणजे तिच्या मालकाला वाड्याच्या जागी संकुल दिसू लागते. तिला मात्र उपनगराची वाट दिसते. सार्वजनिक पैशाने वाढलेले मोल एकट्या मालकाच्या पदरात पडावे आणि त्याची किंमत भाडेकरूने चुकवावी, हे कोणत्याच न्यायात बसत नाही. ज्या रस्त्यावर पालिका पैसा खर्च करील त्या रस्त्यावरील जुन्या भाडेकरूंना त्याच जागी घर, ही अट रस्त्याच्याच ठरावात घातली पाहिजे. नंतर घालू म्हटले की ती घातली जात नाही. सार्वजनिक खर्च नेमका कोणासाठी, हा प्रश्न या शहराला नवा नाही. ज्या मंडईच्या नावाने आज मेट्रोचे स्थानक आहे ती बांधण्याच्या वेळी, एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात, त्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणाऱ्या सभासदांत ज्योतिराव फुले होते. पुढे पुणेकरांनी त्याच मंडईला त्यांचेच नाव दिले. इतिहासाची ही गंमत असो. ज्योतिरावांनी विचारलेला प्रश्न मात्र गमतीचा नव्हता.

मग लक्ष्मी रस्त्याचे करावयाचे काय? तो उद्यापासून कायमचा बंद करावा, असे आम्ही म्हणत नाही. आमच्या मते पादचारी दिनाचा पट्टा प्रथम महिन्यातून एका रविवारी, मग प्रत्येक रविवारी मोकळा ठेवून पाहावा, आणि दुकानदारांनी त्या दिवसाची विक्री स्वतःच्या वहीत मांडावी. त्या वहीवर आमचा सरकारी अहवालापेक्षा अधिक विश्वास आहे. मालाच्या गाड्यांना सकाळी दुकाने उघडण्यापूर्वीची वेळ ठरवून द्यावी. रुग्णवाहिकेची व बंबाची वाट कधीही अडणार नाही अशी आखणीच हवी. वाटेत उभ्या गाड्या नसतील तर ती आजच्याहून सोपी होईल. छोट्या बसगाड्या चालू ठेवाव्यात, कारण सर्वांनाच चालवत नाही. फरशी घालण्यापूर्वी जमिनीखालचे नळ, केबली आणि गटारे यांचा निकाल लावावा, म्हणजे पुन्हा खणण्याचे निमित्त उरणार नाही. आणि हे सर्व लक्ष्मी रस्त्यापुरते न ठेवता मंडई व कसबा पेठ स्थानकांच्या जिन्यापासून सुरू करावे, कारण नवे गिऱ्हाईक तेथून येणार आहे.

खर्चाचे अंदाजपत्रक करण्यापूर्वी महापालिकेच्या आयुक्तांनी आणि पथविभागाच्या अभियंत्यांनी एक छोटेसे काम करावे. सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या नागरिकाला बरोबर घेऊन मंडई स्थानकाच्या दारापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत चालत जावे आणि तेथून चालतच परत यावे. पुढच्या ११ डिसेंबरपूर्वीची कोणतीही तारीख त्यांनी आपल्या सोयीने निवडावी. वेळ मात्र संध्याकाळी सहाची असावी.